पिवळ्या साडीच्या टोकाला

"आप्पा, इकडून," असं म्हणत उज्ज्वलाने वडिलांचा दंड धरला आणि त्यांना डावीकडे वळवलं.

उजवीकडे, दालनाच्या अगदी मध्यावर, दोरीच्या कुंपणात ती पिवळी साडी उभी होती. दारावरच्या मोठ्या फलकावरही तीच छापलेली होती, त्यामुळे ती आप्पांच्या नजरेतून सुटेल अशी काही सोय नव्हती. पण त्याआधी त्यांनी निदान राजेरजवाड्यांचे अंगरखे पाहावेत, खलनायकांचे कोट पाहावेत, त्यांचे पाय दुखायला लागावेत आणि त्यांनीच घरी जाऊ म्हणावं, अशी एक भाबडी आशा तिला होती. गळ्यात सिनेमाच्या कपड्यांच्या प्रदर्शनाचं स्वयंसेवकाचं कार्ड अडकवून ती सकाळपासून याच आशेवर होती.

"तिकडे ते पिवळं काय दिखस व?" मागून उषाबाईंनी टाचा उंचावून विचारलं.

"ते नंतर, आई. क्रमाने बघायचं असतं."

"बरं बरं," उषाबाई म्हणाल्या आणि निंबाआप्पांची पाठ वळल्याचं पाहून त्यांनी लेकीच्या दंडाला हळूच चिमटा काढला. सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय, असा त्या चिमट्याचा अर्थ होता.

ठरवलेलं होतं ते उषाबाईंनीच. उज्ज्वला वेशभूषेच्या शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला होती. मुंबईतल्या एका नावाजलेल्या वेशभूषाकार बाईंनी तिला मदतनीस म्हणून बोलावलं होतं आणि आठवडा संपायच्या आत होय की नाही ते कळवायचं होतं. निंबाआप्पांनी नाही म्हटलं होतं. रागावून नव्हे, जेवता जेवता, भाकरी मोडता मोडता. शिकलीस, चांगलं झालं. आता इथेच सुरतेत रिंग रोडच्या एखाद्या साडीवाल्याकडे डिझाइनला लाग आणि संध्याकाळी घरी ये. सिनेमावाल्यांचं सगळं खोटं असतं, पोरगी असल्या खोट्या जगात एकटी कशी ठेवायची? एवढं बोलून त्यांनी वरण मागून घेतलं होतं. आप्पा असे शांतपणे नाही म्हणाले की घरात कोणाची टाप नसायची पुढे बोलायची.

उषाबाई मात्र तेवीस-चोवीस वर्षं त्यांच्याबरोबर संसार करून मुरलेल्या होत्या. "त्यासले ती चंद्रिकानी साडी दखाड," त्या रात्री भांडी आवरताना लेकीला म्हणाल्या होत्या. "मानूस असा विरघळी जाई. मंग काढ मुंबईनं."

कारण सिनेमावाल्यांच्या त्या खोट्या जगात निंबाआप्पांच्या दृष्टीने एकच बाई खरी होती, आणि ती म्हणजे चंद्रिका. अमळनेरकडचं गाव सोडून ते नुकतेच सुरतेला आले होते, कापड विणायच्या संच्यावर काम शिकत होते आणि डिंडोलीत गावच्या पोरांबरोबर एका खोलीत राहत होते, तेव्हा तिचा तो सिनेमा लागला. त्यात ती पिवळी साडी नेसून दारात वाट बघत उभी राहायची. कोणाची, ते आता आप्पांनाही धड आठवत नव्हतं. पण त्यांनी तो सिनेमा इतक्यांदा पाहिला की थिएटरचा दारवान त्यांना तिकीट फाडताना तब्येत विचारायचा. सुरतेचं तर ठरलेलंच आहे. सिनेमा शुक्रवारी लागतो आणि पुढच्या हप्त्यात मार्केटमध्ये नायिकेच्या नावाने तशीच साडी येते. तशी 'चंद्रिका साडी' तेव्हाही आली होती. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आप्पांनी ती बायकोसाठी घेतली. नव्या नवरीने हौसेने नेसली. आप्पांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "चंद्रिकाना पदर जरासा वर व्हता."

ती साडी त्यानंतर पेटीत गेली ती गेलीच. घरात भांड्याला भांडं लागलं की उषाबाईंचं ठरलेलं वाक्य असायचं, "मंग जा ना तुमनी चंद्रिकाकडे." आणि आप्पा हसायचे. उज्ज्वला हेच ऐकत मोठी झाली होती.

आणि आता तिची पंचाईत अशी होती की दालनाच्या मध्यावर पुतळ्याच्या अंगावर जी साडी होती, ती चंद्रिकेची नव्हतीच. ती आईची होती.

घडलं ते सहज घडलं होतं. प्रदर्शन मुंबईच्या एका संग्राहकाचं, पण पुतळ्यांना कपडे चढवायला उज्ज्वलाच्या कॉलेजच्या मुलींना बोलावलं होतं. चंद्रिकेची खरी साडी खोक्यातून काढली आणि ती घड्याघड्यांवर आपोआप फाटत गेली. जुनं रेशीम तसंच जातं. फलक छापून झालेले. म्हातारे संग्राहक डोक्याला हात लावून खुर्चीत बसले. ते बघवेना म्हणून उज्ज्वला बोलून गेली, "माझ्या घरी तशीच एक आहे." चार दिवसांचा तर प्रश्न. दुसऱ्या दिवशी आई भजनाला गेली असताना तिने पेटीतून साडी काढून नेली. संग्राहक सचोटीचे होते. साडीच्या पायाशी मूळ पाटी होतीच, तिच्याखाली त्यांनी इंग्रजीत टंकलेली एक चिठ्ठी चिकटवली, की मूळ वस्त्र जीर्ण झाल्याने ही त्या काळातली नक्कल मांडली आहे. गोष्ट तिथेच मिटली असती. पण नेमकं त्याच आठवड्यात आईच्या डोक्यात आप्पांना विरघळवण्याचं आलं, आणि आज बुधवार, संच्यांना सुट्टी.

"हाऊ कोनना कोट?" आप्पा एका जरीच्या अंगरख्यासमोर उभे होते.

"एका ऐतिहासिक सिनेमातल्या सरदाराचा. बघा ना आप्पा, बाह्यांवरचं काम बघा."

आप्पांनी बाह्या पाहिल्या आणि अंगरख्याला वळसा घालून मागे गेले. ही त्यांची जन्माची सवय. हातात कापड आलं की ते आधी उलटं करून बघायचे. लग्नात आहेर म्हणून आलेला टॉवेलसुद्धा त्यातून सुटत नसे.

"उज्जू, इकडे ये. मांगून टाचण्या मारेल शेतस!"

"तसंच करतात. कॅमेरा पुढे असतो ना. अंगाला बसावं म्हणून मागून चिमटून घेतात."

"म्हंजे पुढून सरदार आनि मांगून भिकारी."

त्यांचा आवाज खणखणीत होता. पलीकडे उभ्या असलेल्या दोन मुली हसल्या. पुढे त्यांना राणीचा मुकुट लागला, तो पुठ्ठ्याचा निघाला. चिलखत रबराचं निघालं. एका नायिकेच्या घागऱ्याला मागच्या बाजूला जरीच नव्हती, कारण ती सबंध गाण्यात एकदाही पाठमोरी झाली नव्हती. उज्ज्वलाला हे सगळं जीव ओवाळून टाकावं इतकं आवडत होतं. फसवण्यातली ती हुशारी, दोन हात लांबून जे सोनं दिसायला हवं ते नेमकं तेवढ्यापुरतंच सोनं करण्यातली अक्कल. पण आप्पांच्या चेहऱ्यावर प्रत्येक खोटेपणागणिक समाधान वाढत चाललं होतं.

"मी काय सांगी ऱ्हायनू?" ते उषाबाईंना म्हणाले. "आख्खं खोटं."

उषाबाईंनी लेकीकडे पाहिलं. आता लवकर ने बाई तिकडे, असं त्यांच्या डोळ्यांत होतं. उज्ज्वला पाय ओढत राहिली, पण दालन काही संपायचं थांबलं नाही. शेवटचा कोट संपला, भिंत संपली, आणि आप्पा वळले.

ते बोलता बोलता थांबले. त्यांनी खिशातून चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, डोळ्यांवर चढवला. दोरीपाशी पोहोचले तेव्हा त्यांचा एक पाय नकळत चपलेतून निम्मा बाहेर आलेला होता. कोपऱ्यातला पहारेकरी हसून म्हणाला, "काका, चंपल पहेरी राखो, आ मंदिर नथी." आप्पांनी पाय परत चपलेत सरकवला, पण नजर काही साडीवरून हलली नाही.

"हाईच," ते म्हणाले. "हाईच ती."

उज्ज्वलाने आईकडे बघायचं टाळलं. टाळून किती टाळणार? उषाबाईंनी आधी साडीचा काठ पाहिला. मग पायाशी, निऱ्यांच्या खाली त्यांची नजर गेली, जिथे पिवळा दोरा मिळाला नव्हता म्हणून कधीकाळी हिरव्या दोऱ्याने फॉल लावलेला होता. त्यांनी दोन पावलं पुढे टाकली, दोन मागे घेतली, आणि उज्ज्वलाचं मनगट घट्ट पकडलं.

"पोरी, हाई मनी शे."

"हो."

"पेटीमधली?"

"हो. आई, हळू. तिची फाटून गेली होती. मी चार दिवसांसाठी..."

"माले न इचारता?"

"चुकलं माझं."

आता बॉम्ब फुटणार, अशा तयारीने उज्ज्वला अंग चोरून उभी राहिली. पण आई बघत होती ती तिच्याकडे नव्हे, आप्पांकडे. आप्पा मान कलती करून, हात मागे बांधून, त्या साडीसमोर असे उभे होते की जणू तिने आत्ता काही बोलावं आणि त्यांनी ते ऐकावं.

"अस्सल रेशीम," ते म्हणाले. "देख कशी पडेल शे. असं कापड आते व्हत नही."

सुरतेच्याच गिरणीत रंगलेली, धुऊन तासाभरात वाळणारी ती पॉलिस्टरची साडी निमूटपणे पडून राहिली. ज्या माणसाने सगळं आयुष्य असलंच सूत संच्यावर चढवण्यात घालवलं, त्याच्या डोळ्यांवर आज वीस-बावीस वर्षांच्या पोराचा चष्मा होता. उज्ज्वलाने ओठ दाबून हसू आवरलं.

आप्पांनी वाकून पाटी पाहिली. गुजराती अक्षरं ते लावून लावून वाचायचे. सिनेमाचं नाव वाचलं, चंद्रिकेचं नाव वाचून मान डोलावली.

"आनि खाले हाई इंग्रजीमा काय लिखेल शे?"

हीच ती वेळ होती. एक वाक्य वाचलं असतं तर सगळं सरळ झालं असतं. उज्ज्वलाने चिठ्ठीकडे पाहिलं, मग आप्पांच्या उजळलेल्या चेहऱ्याकडे.

"हात लावू नये, असं लिहिलंय," ती म्हणाली.

"बरोबर शे. हात नकोच लावाले." आणि सवयीप्रमाणे ते वळसा घालून मागे गेले.

उज्ज्वलाने डोळे मिटून घेतले. मागे टाचण्या होत्या की नाही ते तिला आठवेना. पण मागून जो आवाज आला तो टाचण्यांचा नव्हता.

"उज्जूनी माय! आठे ये. देख."

पदराच्या टोकाशी बोटभर लालसर डाग होता. साडी नेसवताना उज्ज्वलाने तो पाहिला होता, कसलातरी गंज असेल असं समजून आत दुमडून टाकला होता. पंख्याच्या वाऱ्याने पदर उलगडला होता.

"कुंकू शे," आप्पा जवळजवळ कुजबुजले. "नवी साडीले कुंकू लायेल शे. आपलासारखंच! येवढी मोठी नटी, पन साडी नेसाना आगोदर तिनी टोकले कुंकू लावं. मांगून देख, टाचनी नही, काही नही. कुंकू!"

घरात नवं वस्त्र आलं की अंगाला लावण्याआधी त्याच्या टोकाला कुंकवाचं बोट टेकवायचं, हे त्यांच्याकडे रुमालालासुद्धा चुकत नसे. नेसणारीला ते वस्त्र लाभावं म्हणून घरातल्या वडीलधाऱ्या बाईने ते करायचं. चंद्रिकेच्याही घरी कोणी अशी वडीलधारी असावी, शूटिंगच्या त्या झगमगाटात कोणीतरी तिच्यासाठी करंडा उघडला असावा, या विचाराने आप्पांना भरूनच आलं. ते कितीतरी वेळ त्या डागाकडे बघत होते. मग त्यांनी उज्ज्वलाच्या डोक्यावर हात ठेवला.

"मी चुकनू पोरी. आख्खंच खोटं नही ऱ्हात. अशा मानसं ऱ्हातस तठे, तर जाय तू मुंबईले. बिनधास्त जाय."

इतके दिवस ज्या शब्दांसाठी जीव टांगणीला लागला होता, ते शब्द शेवटी आले. पण आनंदाने उडी मारायची सोडून उज्ज्वला नुसती मान हलवत उभी राहिली. आप्पांना वाटलं, पोरीला गहिवरून आलं.

ते पुन्हा पुढच्या बाजूला गेले तेव्हा उषाबाईंनी तिला बाजूला ओढलं. त्या हसत होत्या आणि पदराने डोळेही टिपत होत्या.

"ते कुंकू कोननं शे माहीत शे? त्यासनंच! पहिली दिवाळी. घरमा सासू नही, ननंद नही, आम्ही दोनच. मी म्हनं, तुमीच लावा. तर करंडामा आख्खा आंगठा बुडवीसन लावं. येडा मानूस."

"आई, मी सांगून टाकते त्यांना."

"खबरदार सांगशी तर!" उषाबाई एकदम गंभीर झाल्या. "ते हौ म्हनेल शेतस. तुनं काम व्हयनं. आनि..." त्यांनी पुन्हा आप्पांच्या पाठीकडे पाहिलं. "मी नेसेल व्हती तवय त्यासनी असं देखं नही कधी. आते देखू दे. साडी तर मनीच शे ना."

असं म्हणून त्या सोडा आणायला म्हणून बाहेर निघून गेल्या. सोड्याची तहान त्यांना बहुधा नव्हतीच. थोडा वेळ एकटं राहायचं होतं.

उज्ज्वला आणि आप्पा बाहेरच्या पायऱ्यांवर येऊन बसले. ऊन उतरलं होतं. समोरच्या रस्त्यावर साड्यांचे गठ्ठे लादलेला एक टेम्पो बंद पडला होता आणि मागचे सगळे भोंगे वाजवत होते. आप्पा खुशीत होते. मुंबईत राहायची सोय काय, आपल्याकडचं कोण तिथे आहे, सुकदेवकाकाचा मुलगा ठाण्याला असतो, त्याला फोन करू, असं त्यांचं सुरू झालं. प्रत्येक वाक्याबरोबर उज्ज्वला अधिकच आक्रसत होती. आईचं खरं होतं. गप्प राहिलं की सगळ्यांचंच भलं होतं. पण ती जाणार होती ती एका खोट्या वाक्याच्या बळावर, आणि आप्पांच्या नजरेला नजर देऊन ती गाडीत बसू शकली नसती. हे तिला इतकं लख्ख कळलं की ती बोलूनच गेली.

"आप्पा, ती साडी चंद्रिकेची नाहीये."

"म्हंजे?"

"चिठ्ठीवर हात लावू नका असं लिहिलेलं नव्हतं. ही नक्कल आहे, असं लिहिलंय. मी खोटं वाचलं. तिची साडी फाटली, म्हणून मी आपल्या घरची नेली. तुम्ही आईला घेतली होती ना, ती."

टेम्पो एकदाचा सुरू झाला. भोंगे थांबले. आप्पा समोर बघत होते. रागावले असते तर बरं झालं असतं, असं उज्ज्वलाला वाटलं. त्यांनी उजवा हात उघडला आणि आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. मग तो अंगठा पहिल्या बोटावर घासला, एकदा, पुन्हा एकदा, जसं काही अजून तिथे ओलं लागत होतं.

"तरीच," ते म्हणाले. "तवय बी मी जास्तच लायेल व्हतं. खाली इतलं पसरनं. तुनी माय रडनी व्हती. नवी साडी खराब करी टाकी म्हने. मंग तिनी कधीच नही नेसी."

"त्यासाठी नाही, आप्पा."

"मंग कसासाठे? मनामुळेच. मी परत कधी ती साडीनं नाव नही काढं."

उज्ज्वलाने त्यांच्याकडे नवलाने पाहिलं. इतकी वर्षं एकाच छताखाली राहून ही दोन माणसं त्या एका साडीबद्दल दोन वेगळ्याच गोष्टी मनात धरून बसली होती.

"कुंकवाचं तर तिला अजून हसू येतं," ती म्हणाली. "साडी पेटीत गेली ती तुम्ही चंद्रिकेच्या पदराचा विषय काढलात म्हणून. तिचा पदर जरा वर होता, असं म्हणाला होतात तुम्ही."

"मी म्हनं व्हतं?"

"हो."

आप्पांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. एवढा पन्नाशीचा माणूस, पण शाळेत छडी खाल्लेल्या पोरासारखा दिसत होता. उज्ज्वलाला त्यांची इतकी माया आली की तिने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

"तुनी मायनी वळखी का ती साडी?" चष्मा पुन्हा चढवत त्यांनी विचारलं.

"बघताक्षणी. तुम्हाला सांगू नको म्हणाली."

"मंग तिले बी सांगू नको, तू माले सांगं म्हनीसन."

उज्ज्वलाने मान डोलावली. मग धीर करून, पायरीवरचा खडा बोटाने ढकलत विचारलं, "आणि मुंबई?"

"मुंबईनं काय?"

"तुम्ही हो म्हणालात ते त्या कुंकवामुळे. ते तर आपलंच निघालं."

आप्पांनी जरा विचार केला.

"तठे कुंकू लावनारं कोनी नही ऱ्हाई," ते म्हणाले, "तर तू लाव. मायकडथून करंडा ली जाय."

उषाबाई सोड्याच्या बाटल्या घेऊन आल्या तेव्हा बापलेक दोघंही अगदी साळसूदपणे रस्त्याकडे बघत बसलेले होते. त्यांनी आधी आप्पांकडे, मग लेकीकडे संशयाने पाहिलं. आप्पांनी बाटली घेतली, एका दमात अर्धी संपवली आणि ते उठले.

"चाल. आखो एकदा देखी लिऊत."

"आते? बस चुकी जाई."

"दुसरी येई."

दालनात आता गर्दी ओसरली होती. आप्पा थेट पिवळ्या साडीपाशी गेले. प्रदर्शनातल्या सगळ्याच पुतळ्यांना मानेपर्यंतच घडवलं होतं, वर डोकी नव्हती, बघणाऱ्याचं लक्ष कपड्यावरच राहावं म्हणून. आप्पांनी पुढून पाहिलं, मागून पाहिलं. मग उषाबाईंना म्हणाले, "तू तिना मांगे उभी ऱ्हाय."

"मी? कसाले?"

"फोटू काढूत."

"मना फोटू काढाना तर मी पुढे उभी ऱ्हास. मांगे कोन देखी माले?"

"मांगेच ऱ्हाय. मी सांगस ना."

उज्ज्वलाने पहारेकऱ्याला आपलं कार्ड दाखवून हात जोडले आणि दोरी एका बाजूने सोडली. पहारेकरी म्हणाला, "जल्दी हां, बेन." पुटपुटत, पदर सावरत उषाबाई पुतळ्यामागच्या चौथऱ्यावर चढल्या. त्या उंचीने बेताच्या. आधी नुसतं कपाळ दिसलं, मग त्यांनी टाचा उचलल्या आणि पिवळ्या साडीच्या वर, पुतळ्याची मान जिथे संपत होती नेमकं तिथे, त्यांचा चेहरा आला. घामेजलेला, वैतागलेला, कपाळावर टिकली एका बाजूला सरकलेली.

उज्ज्वलाने फोन उचलला. आप्पा तिच्या बाजूला उभे होते. मघाशी होती तशीच त्यांची मान कलती झाली होती, हात तसेच मागे बांधले होते. ते बघत राहिले. उषाबाई काहीतरी बोलायला गेल्या आणि थांबल्या. त्या नजरेला काय म्हणायचं होतं, ते कळायला त्यांना थोडा वेळ लागला.

"पदर," आप्पा म्हणाले.

उषाबाईंचा चेहरा पडला. "काय आते पदरले?"

"बरोबर शे," आप्पा म्हणाले. "तवय बी बरोबरच व्हता."

उषाबाई तशाच टाचांवर उभ्या राहिल्या. त्यांनी आप्पांकडे पाहिलं, मग आप्पांवरून नजर वळवून उज्ज्वलाकडे.

"तूच सांगेल शे ना यासले?" त्यांनी पुतळ्यामागून विचारलं.

उज्ज्वलाने फोन आणखी वर धरला, अगदी चेहऱ्यासमोर, आणि म्हणाली, "आई, हलू नको."